वरच्या कप्प्यातला अर्ज

दोन हजार तेवीस साल. दिवाळी होऊन गेली होती. लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, उभा होता, आणि सानगडीच्या मंडईला आठ दिवस उरले होते. त्या आठ दिवसांत आमच्या घरी एका दिवसाच्या सुट्टीवरून जे घडले ते मला सांगायचे आहे.

पण आधी माझी ओळख करून देतो, मित्रांनो. मी एक जुना पितळी डबा आहे. एकावर एक बसणारे तीन कप्पे, वर झाकण, आणि सगळ्यांना घट्ट धरून ठेवणारी दांडी. खालच्या कप्प्यात भात, मधल्यात भाजी किंवा वरण, वरच्यात पोळी. माझ्या झाकणावर एक पोचा आहे. तो कसा पडला ते पुढे येईलच.

माझा जन्म भंडाऱ्याचा. आमच्या भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणारी घरे पुष्कळ होती. त्या गल्लीतून जाताना ठोकण्याचा आवाज कानात असा भरायचा की माणसे एकमेकांशी ओरडूनच बोलत. एका म्हाताऱ्या कारागिराने मला पत्र्यापासून ठोकून ठोकून गोल केले, आतून कल्हई केली आणि झाकण बोटाने वाजवून पाहिले. "याचा आवाज साफ हाये," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली तुलाराम नावाच्या तरुणाने मला विकत घेतले. त्याला साकोलीला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात शिपायाची नोकरी लागली होती. पक्की, सरकारी. पहिल्या पगारात त्याने आईसाठी लुगडे घेतले आणि स्वतःसाठी मला. सानगडीहून साकोली तो रोज सायकलने जायचा. मी सायकलच्या दांडीला लटकलेला असायचो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता. त्यातल्याच एका खड्ड्यात आम्ही दोघे पडलो आणि मला हा पोचा आला. तुलारामाचा गुडघा फुटला होता, पण त्याने आधी मला उचलून पाहिले.

मित्रांनो, डब्याला माणसाची सुट्टी जितकी कळते तितकी कोणाला कळत नसेल. कारण माणसाला सुट्टी असली की डब्यालाही असते. तुलाराम ज्या दिवशी कामावर जात नसे, त्या दिवशी त्याची बायको पुष्पाबाई मला घासून, पुसून, फळीवर उपडा ठेवायची. डबा उपडा दिसला की शेजारीपाजारी ओळखायचे. "आज तुलारामभाऊ घरी हायेत वाटते," असे म्हणत कोणी ना कोणी चहाला यायचे.

आणि तुलारामाला सुट्ट्या तरी किती प्रकारच्या! किरकोळ रजा वेगळी, अर्जित रजा वेगळी, आजारपणाची वेगळी. त्यातल्या काही घेतल्या नाहीत तरी साठत जायच्या. घरी बसले तरी पगार पुरा. फक्त एक अर्ज करायचा. तुलाराम शिपाई होता, पण अर्ज लिहावा तर त्यानेच. कार्यालयातले बाबू सुद्धा त्याच्याकडून लिहून घ्यायचे. पावसात खिशातला कागद भिजतो म्हणून तो आपला अर्ज घडी घालून माझ्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. त्या दिवशी पोळ्या मधल्या कप्प्यात भाजीबरोबर कोंबल्या जायच्या. छत्तीस वर्षांत त्याच्या रजेचा एकही अर्ज असा नाही की जो माझ्या पोटातून गेला नाही.

त्यातला एक अर्ज दरवर्षी ठरलेला होता. मंडईचा.

तुमच्यापैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांना सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकाने लागतात, पाळणे येतात, दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते, रात्री नाटक असते. लेकीबाळी माहेरी येतात. वर्षभर न भेटलेली माणसे एका ओसरीवर जेवतात. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत मात्र मंडई नसते, कारण प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस निराळा. ज्याला जायचे त्याने आपली सुट्टी काढून जायचे. तुलाराम किरकोळ रजा टाकायचा आणि मी फळीवर उपडा पडायचो. बाहेर पिपाण्या वाजत असायच्या आणि मी वर्षातली सगळ्यात गोड झोप घ्यायचो.

पण मित्रांनो, एकाच घरातल्या माणसांच्या सुट्ट्या सारख्या नसतात. हे मला हळूहळू कळले.

पुष्पाबाई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की गुरुजींना सुट्टी असते आणि पगारही असतो. पुष्पाबाईला नुसती सुट्टी असते. मे महिन्यात ती शाळेच्या बंद फाटकाकडे पाहत जायची आणि म्हणायची, "घंटी एकच वाजली, पण गुरुजीले येगळी आयकू आली अन् मले येगळी." मोठा मुलगा कैलाश तर बापाच्याच कार्यालयात लागला, बापाच्याच स्टुलावर बसतो. पण त्याला एका एजन्सीने ठेवले आहे. तो ज्या दिवशी जात नाही, त्या दिवसाचे पैसे त्याला मिळत नाहीत. स्टूल तेच, काम तेच. तुलारामाला हे कधी नीट उमगले नाही. "लिहून देत जा ना," तो म्हणायचा. "कोणाले देऊ बाबा?" कैलाश विचारायचा. "साहेब म्हणते एजन्सीले सांग. एजन्सी म्हणते साहेबाले विचार." तरीही तुलारामाला मनातून वाटत राहायचे की पोराला अर्ज लिहिता येत नाही.

दोन हजार एकवीस साली तुलाराम निवृत्त झाला. मला वाटले, आता आपण फळीवरच राहणार. पण धाकटी मुलगी खुशबू मला मागायला आली. तिला साकोलीच्या मोठ्या रस्त्यावर साड्यांच्या दुकानात काम लागले होते. "प्लास्टिकच्या डब्याले वास येते. मले हाच पाह्यजे," ती म्हणाली. मी पुन्हा कल्हई करून घेतली आणि पुन्हा कामाला लागलो. आता सायकल नव्हती, खुशबूची स्कूटी होती.

दुकान भुपेंद्र सेठांचे. बारा मुली कामाला. सकाळी दहा ते रात्री आठ, आणि बसायला गिऱ्हाइकांची पांढरी गादी सोडून दुसरी जागा नाही. मुली दिवसभर उभ्या. दुपारी मागच्या गोदामात आळीपाळीने वीस मिनिटांचे जेवण. आठवड्याची एक सुट्टी, तीही दिवाळीपासून लगीनसराई आटपेपर्यंत बंद. त्याशिवाय एखाद्या दिवशी आले नाही तर त्या दिवसाचा पगार कापला जाई. खुशबूने तिथे दोन वर्षे काढली होती. कामाला ती हुशार होती. गिऱ्हाईक दारात दिसले की कोणता गठ्ठा काढायचा ते तिला कळायचे. सेठ ते ओळखून होते, पण सुट्टीच्या बाबतीत सगळ्यांना नियम एकच होता.

दोन वर्षे खुशबू मंडईला घरी नव्हती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसमध्ये, गोष्ट वेगळी होती.

करडीला राहणारी रुखमिणी ही पुष्पाबाईची मोठी बहीण, खुशबूची मोठी माय. खुशबू जन्मली तेव्हा पुष्पाबाई बरेच दिवस अंथरुणाला होती. त्या काळात खुशबूला रुखमिणीने करडीला नेले आणि पाच वर्षांची होईपर्यंत सांभाळले. मंडईला ती दरवर्षी सानगडीला यायची. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, करडीच्या घरी ती एकटी होती, आणि मुलगा तिला कायमची पुण्याला नेणार होता. शुक्रवारी मंडई, रविवारी तिची गाडी. तिने मुलाला फोनवर सांगितले होते, "मले बाकी काही नको. मंडईच्या दिवशी खुशबूच्या हातचा एक घास खाईन, मंग जाईन जिकडे नेशीन तिकडे."

खुशबूला त्या दिवशी घरी असायचे होते. तिला दुसरे काही नको होते.

"सुट्टी मागितली का तू?" तुलारामाने जेवताना विचारले.

"सीझनमंदी सुट्टी नाई भेटत बाबा."

"मागितल्याबिगर कोन देईन? अर्ज केला का?"

"तिथं अर्ज गिर्ज नाई राहत."

"अर्ज नाई राहत?" तुलारामाचा घास हातातच राहिला. "मंग लोकं सुट्टीवर जातेत कसे?"

"नाई जात," खुशबू म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

त्याला वाटले, पोरगी भिडस्त आहे. मागायला लाजते. त्याने चष्मा लावला, रेघांचा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. "प्रति, मा. मालक साहेब. विषय : एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर होणेबाबत." खाली कारण लिहिले, तारीख लिहिली, आणि सवयीने शेवटी हेही लिहिले की "मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती." सहीची जागा मोकळी ठेवली. मग कागदाची घडी घातली आणि सकाळी कोणाला न सांगता माझ्या वरच्या कप्प्यात, पोळ्यांच्या वर, ठेवून दिली. त्याला वाटले, पोरगी डबा उघडेल, कागद पाहील, सही करेल आणि साहेबाच्या टेबलावर ठेवेल. आयुष्यभर असेच तर झाले होते.

मी तो कागद घेऊन निघालो. तुम्हाला खरे सांगतो, मला आनंदच झाला होता. इतक्या दिवसांनी वरच्या कप्प्यात अर्ज होता.

दुपारी गोदामात खुशबू हात धुवायला गेली आणि तिची मैत्रीण रीना हिने नेहमीप्रमाणे दोघींचे डबे उघडले. रीना विर्शीची. तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. तिने कागद उलगडला आणि ती हसायलाच लागली.

"ऐका वं पोरीहो! 'मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी!' आपलं मुख्यालय कोनतं वं? हे गोदाम का?"

"वाच, वाच, पुढं वाच," दुसऱ्या मुली म्हणाल्या. रीनाने गठ्ठ्यावर चढून साहेबासारखा आवाज काढला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटच्या ओळीला मुली हसल्या नाहीत म्हणून तिने मागे वळून पाहिले. दारात भुपेंद्र सेठ उभे होते.

त्यांनी हात पुढे केला. रीनाने कागद दिला. सेठांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला.

"कोनाचा हाये?"

खुशबू ओल्या हातांनी तिथेच थांबली होती. तिने कागदावरचे अक्षर लांबूनच ओळखले. "माह्या बाबानं लिहिला जी. मले मालूम नव्हतं."

"आता लिखापढी सुरू झाली का?" सेठ फार मोठ्याने बोलले नाहीत. "आज अर्ज, उद्या वकील. एकीले देली तं बाराजणी मागतीन. शुक्रवारी लग्नाचे दोन बस्ते हायेत. ऐकून ठेवा सगळ्याजणी. शुक्रवारी जी नाई आली, तिनं शनिवारी बी येऊ नये."

कागद खिशात घालून ते निघून गेले. त्या दिवशी माझ्यातला भात तसाच परत आला.

घरी खुशबू बापाशी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "काहून केलं तुमी असं? मी सांगितलं होतं ना, तिथं नाई चालत! आता मी थोबाड कसं दाखवू?"

"मी वाईट काय लिहिलं वं? नियमानंच लिहिलं."

"कोनता नियम बाबा? तुमचा नियम तुमच्या हापिसात होता. तो दादाले नाई लागला, आईले नाई लागला, मले कसा लागीन?"

पुष्पाबाई चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "पोरगी खरी बोलून राहिली." रात्री तुलारामाने मला स्वतः घासले. तो घासत होता आणि माझ्या झाकणावरच्या पोच्यावर त्याचे बोट पुन्हा पुन्हा फिरत होते. त्याच्या लक्षात आले असावे की सुट्टी ही आपल्या हुशारीने किंवा अक्षराने मिळालेली नव्हती. ती नोकरीसोबत आली होती. आणि ज्यांना तशी नोकरी नाही, त्यांच्याजवळ अर्ज लिहायला कागद असला तरी तो द्यायला टेबल नाही.

शुक्रवार उजाडला. मंडईच्या मैदानावर पाळण्याचे खांब उभे राहिले होते. रुखमिणी आदल्या दिवशीच आली होती. खुशबू सकाळी तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "मोठी माय, मी संध्याकाळी येतो." दोघींना माहीत होते की रात्री आठला दुकान बंद होईल आणि खुशबू घरी येईपर्यंत रुखमिणी झोपलेली असेल, कारण करडीहून येऊन ती थकली होती. खुशबू डबा न घेताच गेली. मी चुलीजवळ उघडा पडलेला होतो.

ओसरीवर पाहुणे बसले. कैलाशने त्या दिवशी बिनपगारी सुट्टी घेतली होती. वडे तळून झाले, वांग्याची भाजी झाली, तांदळाची खीर झाली. ताटे वाढायची वेळ आली तेव्हा रुखमिणी म्हणाली, "माह्यं ताट नको वाढू पुष्पा."

"काहून वं बाई? पोटात दुखते का?"

"पोटात नाई दुखत. पोरगी नाई येऊन राहिली तं आपण जाऊ तिच्याकडे. तो डबा कुठी हाये? भर त्याच्यात."

"दुकानात?" तुलाराम दचकला. "दुकानात कसं जाता येईन? तिथं तो सेठ..."

"दुकान हाये ना? दुकानात गिऱ्हाईक जाते. मले लुगडं घ्याचं हाये. पुण्याले काय फाटकं नेसून जाऊ?"

खालच्या कप्प्यात भात आणि वडे, मधल्यात भाजी, वरच्यात खीर, असा मी भरलो. झाकणावर चार अनारसे फडक्यात बांधले. कैलाशने ऑटो आणला. मागच्या दोन वर्षांसारखाच मी मंडईच्या दिवशी दुकानात निघालो होतो, पण या वेळी मला मुळीच वाईट वाटत नव्हते.

दुकानात गर्दी होती. लग्नाच्या बस्त्याची मंडळी गादी अडवून बसली होती. रुखमिणी तुलारामाचा हात धरून आत आली आणि एका कोपऱ्यात बसली. मी तिच्या मांडीवर होतो.

"लुगडं दाखव वं बाई," ती म्हणाली.

खुशबूने वर पाहिले. तिच्या हातातला गठ्ठा सुटला. पण ती दोन वर्षे मुरलेली होती. तिने डोळे पुसले, समोर आली आणि म्हणाली, "कसं पाह्यजे आजी? सुती का कोसा रेशीम?"

"तू दाखव, मी पाहतो."

एकामागून एक लुगडी उलगडली गेली. रुखमिणी प्रत्येकाच्या काठावरून बोट फिरवायची, पोत चिमटीत धरायची आणि काहीच बोलायची नाही. खुशबू रंग सांगत होती. हे पिकल्या जांभळासारखं आहे. हे कोवळ्या धानासारखं आहे. हे आपल्या करडीच्या घरच्या दाराच्या रंगाचं आहे. रुखमिणी मान हलवत होती. अर्धा तास गेला. समोर लुगड्यांचा ढीग लागला.

शेवटी भुपेंद्र सेठ आले. "काय आजी, पसंत नाई आलं का एक बी?"

"मले दिसत नाई सेठजी," रुखमिणी म्हणाली. "मोतीबिंदू हाये. मी पोरीचा आवाज ऐकून राहिलो. परवा दिवशी पुण्याले जातो. मंग कुठी ऐकाले भेटते?"

सेठांनी खुशबूकडे पाहिले, मग तुलारामाकडे. तुलाराम उभा राहिला. छत्तीस वर्षे साहेबापुढे उभा राहायचा तसाच. "अर्ज मीच लिहिला होता जी. पोरीचा दोष नाई. मले वाटलं, अर्ज सगळीकडेच चालते."

सेठांचा आवाज मऊ झाला, पण ते म्हणाले तेच. "बाबाजी, माही बी अडचन समजा. एकीले मंडईची सुट्टी देली तं सगळ्या मागतीन. बारा पोरी हायेत. मंडईले बाराही गेल्या तं हे लुगडे कोन दाखवीन? मी?"

रुखमिणी हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून हसली. "का जी सेठ, तुमी इथलेच ना? सगळ्या गावाची मंडई एका दिवशी असते का? एका दिवशी असती तं पाहुणे कोनाच्या घरी गेले असते?"

सेठ मुलींकडे वळले.

मागून रीनाचा आवाज आला. "आमची विर्शीची सोमवारी हाये जी."

"आमची तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी," आणखी कोणी म्हणाले.

"आमची तं होऊन गेली."

बस्त्याच्या मंडळीतली एक बाई म्हणाली, "आमची आजच होती बाप्पा, पण नवरीचं लुगडं घ्याचं होतं." त्यावर सगळेच हसले. सेठही हसले, पण लगेच गल्ल्याकडे वळले. थोड्या वेळाने तिथूनच ओरडले, "खुशबू, आजीले जेवायले मागं घेऊन जा. घड्याळ मी पाहत नाई आज."

गोदामात साड्यांच्या गठ्ठ्यांवर पंगत बसली. माझे तिन्ही कप्पे वेगळे मांडले गेले. खुशबूने वड्याचा तुकडा खिरीत बुडवला आणि रुखमिणीच्या तोंडात दिला. रुखमिणीने तो पुष्कळ वेळ चावला. मग तिने चाचपडत दुसरा घास केला आणि खुशबूला भरवला. तो आधी खुशबूच्या नाकाला लागला. "अजून बी तोंड तेवढंच हाये वं तुह्यं," ती म्हणाली. रीना हसता हसता रडू लागली आणि म्हणाली की भाजी तिखट आहे.

तुलाराम जेवला नाही. तो गोदामाच्या दारातून दुकानाकडे पाहत होता. मुली उभ्या होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. त्याच्या कार्यालयात शिपायाला सुद्धा स्टूल होते.

सेठ एकदा डोकावले. रुखमिणीने त्यांच्या हातावर अनारसा ठेवला. त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला. "माह्या आजोळची मंडई मी नववीत असताना पाहिली होती," ते म्हणाले. "मंग बाबा गेले, अन् हे दुकान गळ्यात पडलं. तवापासून मी बी गेलो नाई." एवढे बोलून ते परत गेले. मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचीही कीव आली. दुसऱ्याला सुट्टी न देणाऱ्या त्या माणसाने स्वतःलाही ती कधी दिली नव्हती.

रुखमिणीने धानाच्या रंगाचे लुगडे घेतले. सेठांनी किमतीत काही सोडले नाही, पण पिशवी मात्र मोठी दिली. खुशबू रात्री आठपर्यंत कामावर राहिली. मंडई तिला त्याही वर्षी दिसली नाही.

मग वर्ष गेले. खुशबू आणि मी रोज साकोलीला जात राहिलो. पुढच्या दिवाळीच्या आधी एका दुपारी सेठांनी खुशबूला गल्ल्याजवळ बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "डबा इकडे आन." त्यांनी माझे झाकण स्वतः उघडले, वरच्या कप्प्यात एक कागद ठेवला आणि झाकण लावले. "बाबाले दे. अन् भिंतीवर एक कागद लावला हाये तो सगळ्याजणी पाहून घ्या."

भिंतीवरच्या कागदावर बारा नावे होती. प्रत्येक नावापुढे गावाचे नाव आणि गावच्या मंडईची तारीख. खाली लिहिले होते, या दिवशी सुट्टी, पगार कापणार नाही.

घरी तुलारामाने माझ्यातून कागद काढला. तो त्याचाच अर्ज होता, घडीवर पिवळा पडलेला. वर्षभर सेठांच्या ड्रॉवरमध्ये राहिलेला. जुनी तारीख खोडून नवी घातली होती आणि कोपऱ्यात लाल शाईने एकच शब्द लिहिला होता, मंजूर. खाली सही.

तुलारामाने चष्मा पुसला. तो शेरा उजेडाकडे धरून वाचला, परत वाचला. "सही बराबर जागेवर केली," तो म्हणाला. "सेठले रीत समजते." आणि मंडईच्या सकाळी त्याने मला घासले, पुसले, आणि आपल्या हाताने फळीवर उपडा ठेवला.

आता कोणाचे काय झाले ते सांगतो. रीनाचे लग्न झाले. तिने काम सोडले, आणि भिंतीवरच्या यादीत तिच्या जागी दुसऱ्या मुलीचे नाव आणि दुसऱ्या गावची तारीख आली. भुपेंद्र सेठांनी गोदामात चार स्टुले आणून ठेवली. स्वतः मात्र ते अजून आजोळच्या मंडईला गेलेले नाहीत, पुढच्या वर्षी नक्की जाऊ म्हणतात. कैलाशच्या कार्यालयात एजन्सी बदलली, नाव नवे आले, सुट्टी आली नाही. तो परीक्षेचा अभ्यास करतो. पुष्पाबाईची चूल मे महिन्यात अजूनही थंडच असते. तुलाराम आता कोणाला "अर्ज लिहून दे ना" म्हणत नाही. त्याऐवजी विचारतो, "तुह्याकडे सुट्टीचं कसं हाये?" आणि पूर्ण ऐकून घेतो. खुशबू अजून त्याच दुकानात आहे. वर्षातून एक दिवस ती मंडईत दंडार पाहायला पुढच्या रांगेत बसते.

रुखमिणी पुण्याला सातव्या मजल्यावर राहते. तिच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. मंडईच्या दिवशी तिचा फोन येतो.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. माझी कल्हई विरली आहे, दांडी सैल झाली आहे. मला घासून ठेवा, जपा, असे मागायचा माझा हक्क आहे, पण मी तो मागत नाही. माझे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी, तुम्हाला कपडे दाखवणारी ताई, तुमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई, यांनाही एक गाव असते. त्यांच्या गावची मंडई कधी असते, एवढे एकदा विचारा. आणि त्या दिवशी त्या आल्या नाहीत तर रागावू नका.

मागच्या मंडईला फोन आला तेव्हा घरात पाहुण्यांचा गलका होता. खुशबूने फोन कानाला लावला. रुखमिणीने कोण आले, काय शिजले, काहीच विचारले नाही.

"डबा उपडा हाये का वं?" तिने विचारले.

खुशबूने फळीकडे पाहिले. "हाये मोठी माय," ती म्हणाली. "उपडाच हाये."